शोभेच्या गवताचं बेट दर पावसाळ्यात मधून कुजतं: कारणं आणि उपाय

गोव्यातल्या बागांमधून ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. डिसेंबर-जानेवारीत गवताचं बेट भरगच्च असतं, तुरे वाऱ्यावर हलत असतात. जूनमध्ये पहिल्या सरींबरोबर ते हिरवंगार फुटतं आणि जुलैच्या मध्यापर्यंत कुणाला शंकाही येत नाही. मग चवथीची (गणेश चतुर्थीची) साफसफाई करताना जवळ जाऊन पाहावं, तर मधोमध टक्कल, आत काळपट चिखल, आणि पाती धरली की जुडगाच्या जुडगा बुडापासून सुटून हातात येतो. ऑक्टोबरात ऊन पडलं की कडेने थोडे फुटवे येतात. पुढच्या पावसात तेही जातात. मग नर्सरीतून नवी पिशवी येते आणि त्याच खड्ड्यात लागते.

त्याच खड्ड्यात पुन्हा लावणं थांबवा, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिते आहे. कुज ऑगस्टमध्ये दिसते, पण तिची तयारी आपण मे महिन्यात किंवा त्याहीआधी, खड्डा खणताना, करून ठेवलेली असते. म्हणून ऑगस्टमध्ये ओतलेलं खत आणि औषध बहुतेक वेळा वाया जातं.

हे फाउंटन ग्रास, मिस्कँथस, गवती चहा, वाळा अशा बेट करून वाढणाऱ्या गवतांबद्दल आहे. हिरवळीच्या लॉनचे प्रश्न वेगळे. नर्सरीत ‘मोंडो ग्रास’ म्हणून मिळतं ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवतच नाही, ते शतावरीच्या कुळातलं आहे. त्याला सावली चालते, त्यामुळे इथला सल्ला त्याला लावू नका.

आधी पाहा: कुज आहे की म्हातारपण?

बेट मधून रिकामं होण्याची दोन कारणं असतात आणि लांबून ती सारखीच दिसतात. गवताचे नवे फुटवे बाहेरच्या कडेने येत जातात, त्यामुळे सर्वांत जुने फुटवे मधे राहतात आणि दोन-तीन वर्षांत ते आपोआप मरतात. असा मधला भाग काडीच्या रंगाचा, कोरडा आणि कडक असतो. त्याला वास येत नाही. हे कोणत्याही ऋतूत होतं आणि तो रोग नाही. बेट उपटून, फोडून पुन्हा लावायची वेळ झाली एवढाच त्याचा अर्थ.

कुज असेल तर बुडखा मऊ लागतो, रंग तपकिरी-काळा होतो, आंबूस वास येतो आणि पाती न ओढताच सुटतात. वास घेऊन बघाच, फरक लगेच कळतो. म्हातारपण असेल तर खाली विभागणीबद्दल लिहिलं आहे तिकडे जा. कुज असेल तर सगळं क्रमाने वाचा.

मुख्य गुन्हेगार: जांभ्यात खणलेला खड्डा

आपल्याकडे घराचे प्लॉट बहुधा जांभा कापून किंवा भराव घालून सपाट केलेले असतात. वर वीतभर माती, खाली चिरा. माळी पिकासने दीड-दोन फुटांचा खड्डा खणतो, त्यात चांगली माती, शेणखत, कोकोपीट भरतो आणि झाड लावतो. मे महिन्यापर्यंत त्याहून चांगली जागा नाही. पण गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि सत्तरी तालुक्याकडे तर याहूनही जास्त. आजूबाजूच्या कडक जमिनीवरून वाहणारं पाणी त्या एकाच भुसभुशीत जागेत उतरतं आणि खालून त्याला वाट नसते. तो खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली बादली. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, त्यामुळे चार दिवस उघडीप मिळाली तरी आतलं ओलं राहतं. मुळांना हवा मिळत नाही, ती मरतात, आणि मेलेल्या मुळांतून बुरशी बुडख्यापर्यंत चढते.

जांभ्याला भोकं असतात, मग पाणी मुरत का नाही, असं पुष्कळ जण विचारतात. काही ठिकाणी मुरतं, अगदी छान मुरतं. काही ठिकाणी त्या भोकांत चिकणमाती बसलेली असते आणि थेंब हलत नाही. एकाच परसात दोन्ही प्रकार सापडतात. म्हणून अंदाज करू नका, तपासा. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणा. पाण्याने भरा आणि पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी पाणी किती वेगाने उतरतं ते पाहा. पहिलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते, त्यावरून काही ठरवू नका. तासाला इंचभर किंवा जास्त उतरलं तर जागा चालेल. सकाळपर्यंत पाणी तसंच राहिलं तर त्या जागी खाली जायचं नाही, वर यायचं.

वर यायचं म्हणजे मातीचा उंचवटा करायचा. आधी खालचा जांभा पिकासने उकरून खरबरीत करा. त्यावर मीटरभर रुंद आणि पाऊण ते एक फूट उंच ढीग करा. मातीत चिऱ्याचे बारीक तुकडे चौथा हिस्सा तरी मिसळा, शेणखत जुनं आणि थोडंच घाला. कडेला चिरे लावायचे असतील तर गडग्यासारखे सुके रचा. सिमेंटने सांधलेत तर तीच बादली तुम्ही जमिनीच्या वर बांधलीत. बुडखा ढिगाच्या माथ्यावर, ढिगाच्या मातीपेक्षा अर्धा-एक इंच वरच राहील असा बसवा. पहिल्या पावसात ढीग खचतोच.

खड्ड्याच्या तळाला खडी घातली की निचरा होतो, हा सल्ला आपल्याकडे फार चालतो. पाण्याला बाहेर जायला वाटच नसेल तर त्या खडीत पाणीच साठतं आणि वरची माती ओली ती ओलीच राहते. खडी घालायची तर ती मातीत मिसळलेली हवी. आणि उताराच्या बाजूला एक चर काढून द्या, टीचभर खोल असला तरी पुरे. या चराने जेवढी बेटं वाचलेली मी पाहिली आहेत, तेवढी कोणत्याही औषधाने नाही.

पागोळ्यांखाली लावलेलं गवत

कौलारू घराच्या भोवती गवताची ओळ छान दिसते, म्हणून लोक ती भिंतीपासून दोन फुटांवर लावतात, म्हणजे नेमकी पागोळ्या पडतात तिथे. दहा-बारा फुटांवरून पडणारी धार चार महिने त्याच बुडख्यावर आपटते. पाती फाटतात, तांबडी माती उडून फुटव्यांच्या बेचक्यात बसते आणि बुडखा हळूहळू गाडला जातो. मे महिन्यात पागोळ्यांची रेघ दिसत नाही हीच अडचण. मागच्या पावसाने जमिनीवर पाडलेली खळगी शोधा, नाहीतर कौलाच्या कडेवरून ओळंबा सोडा. गवत त्या रेघेच्या हातभर बाहेर हवं. जागा नसेल तर पन्हळ लावा. दोन्ही जमत नसेल तर तिथे गवत नको.

छाटणी मे महिन्यात, फेब्रुवारीत नाही

शोभेच्या गवताबद्दलचे व्हिडिओ बहुतेक थंड देशांतले असतात. हिवाळाभर वाळलेलं गवत तसंच ठेवा आणि वसंताआधी छाटा, असं ते सांगतात. तिथे ते बरोबर आहे, कारण तिथे थंडी संपली की वाढ सुरू होते. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटलं तर कोवळी फूट ऐन उन्हाळ्यात येते, तिला रोज पाणी द्यावं लागतं, आणि पावसापर्यंत पुन्हा वाळकं पातं साठलेलं असतं. तेच पातं पावसात बुडख्यावर ओल्या पोत्यासारखं बसून राहतं.

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा ही छाटणीची खरी वेळ. मान्सून गोव्यात सहसा जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, आणि अलीकडे मे महिन्यातही मोठ्या सरी पडतात. म्हणून ढग दिसायला लागले की काम पुढे ढकलू नका. बेट आधी सुंभाने कमरेशी घट्ट बांधा म्हणजे पाती विखुरत नाहीत, आणि मग धारदार कोयत्याने किंवा कुंपणाच्या कात्रीने कापा. फाउंटन ग्रास जमिनीपासून चार ते सहा इंचांवर, मिस्कँथसही तेवढंच, वाळा मात्र फूटभर ठेवा. गवती चहाची पाती तुम्ही वर्षभर कापत असालच, त्याचं फक्त वाळकं काढा. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यात, पात्यांच्या कडा त्वचा चिरतात.

कापून झालं की खरं काम उरतं: बुडख्यात अडकलेलं जुनं काड बोटांनी विंचरून काढायचं. हे कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही. वरून कापलेलं बेट नीटनेटकं दिसतं, पण आत तीन वर्षांचं काड तसंच असतं. उजेड आणि वारा बुडख्यापर्यंत पोचला पाहिजे. निघालेलं काड माडाच्या आळ्यात टाका किंवा कंपोस्टात घाला. त्याच बेटाभोवती पसरू नका. नारळाची सोडणं आणि चुडतांचं (माडाच्या झावळ्यांचं) आच्छादनही उन्हाळ्यात ठीक, पण मे अखेरीला बुडख्यापासून वीतभर मागे सारून ठेवा. उन्हाळ्यातही वाळकं काड बुडाशी साठू देऊ नका, वाळवी तिथूनच सुरू होते.

ऑगस्टमध्ये कुज सापडली तर

उघडीप मिळाली की पहिल्याच दिवशी सुटी पाती आणि काळा चिखल काढून टाका, बुडख्यावरची माती हाताने बाजूला ओढा आणि चर मोकळा करा. खत अजिबात घालू नका. मुळं मेलेली असताना ते घेणार कोण?

कडेचे जिवंत फुटवे दिसत असतील तर तीन-चार फुटवे मुळांसकट काढा, कुजलेला भाग कापून टाका, पाती वीतभर ठेवा आणि भुसभुशीत मातीच्या पिशवीत लावून पावसापासून आडोशाला, पण भरपूर उजेडात ठेवा. व्हरांड्याची कड उत्तम. मूळ बेट गेलं तरी तुमचं वाण राहतं आणि ऑक्टोबरात पुन्हा लावता येतं.

औषधाबद्दल. ज्यांचं कुळागर आहे त्यांच्याकडे सुपारीच्या कोळेरोगासाठी 1 टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) तयार केलेलं असतंच, आणि उरलेलं गवतावर मारायचा मोह होतो. सुपारीवर ते पावसाआधी मारतात, कारण ते रोग येऊ नये म्हणून असतं. कुजलेल्या बुडख्याला ते परत जिवंत करत नाही आणि खड्ड्यातलं पाणीही आटवत नाही. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मुरलेल्या शेणखतात मिसळून मे महिन्यात द्यायला माझी हरकत नाही, पण निचरा नसलेल्या जागी त्यावर भरवसा ठेवू नका. गवती चहावर कोणतंही बुरशीनाशक नको, ती पाती आपल्या चहात जातात.

विभागणी

वाळा आणि गवती चहा मृगाच्या पावसात फोडून लावा. दोन्ही चिवट आहेत आणि पावसाचा फायदा घेतात. फाउंटन ग्रास आणि मिस्कँथस मात्र चवथ झाल्यावर, पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर या काळात फोडा. जमीन ओली असते, ऊन परत आलेलं असतं आणि ताज्या जखमांवर संततधार पडत नाही. कुदळीने संपूर्ण बेट उचला, कडेचे जोमदार भाग तीन ते पाच फुटव्यांचा एक ठोंब असे वेगळे करा आणि मधला मेलेला भाग टाकून द्या. बेट मोठं आहे म्हणून अर्धा ठोंब मधला लावणारे लोक पुढच्या वर्षी पुन्हा हीच तक्रार घेऊन येतात. दर दोन-तीन वर्षांनी हे करायचंच.

कुज नाही, पण बेट आडवं पडतं किंवा पिवळं पडतं

आडवं पडण्याची कारणं दोनच: सावली आणि युरिया. ही उष्ण हवेत वाढणारी गवतं आहेत, त्यांना निदान पाच-सहा तास सरळ ऊन लागतं. माडांच्या खाली ती उंच, बारीक आणि लेचीपेची वाढतात आणि पहिल्या वादळी सरीत लोळतात. जूनमध्ये मूठभर युरिया घातला तरी तेच होतं. काठ्यांचा आधार देणं दिसायलाही वाईट. बेट हलवा, खत कमी करा. वाळा सहसा कुजत नाही, साचलेलं पाणी तो सहन करतो. वाळा खुरटला असेल तर डोक्यावर कुठल्या झाडाची फांदी आली आहे ते पाहा.

पिवळेपणात मात्र नीट पाहायला हवं. फक्त खालची जुनी पाती टोकाकडून पिवळी पडत असतील आणि बुडखा घट्ट असेल तर पावसाने नत्र धुऊन नेलं आहे. ऑगस्टच्या शेवटी बेटामागे दोन ओंजळी जुनं शेणखत किंवा गांडूळखत पुरे. सगळंच पिवळं आणि बुडाशी वास असेल तर ती कुज, वर परत जा. तांबड्या मातीत लोह भरपूर असतं, त्यामुळे लोहाच्या गोळ्या-पावडरींवर पैसे घालवू नका. आपली माती आम्लधर्मी असते आणि तिच्यातलं लोह-ॲल्युमिनियम स्फुरद बांधून ठेवतं. चुना किती घालायचा हे माती तपासल्याशिवाय ठरवू नका. तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात विचारलं की तपासणीसाठी नमुना कसा आणि कुठे द्यायचा ते सांगतात.

फेब्रुवारीपासून पात्यांची टोकं करपत असतील आणि घर खाजनाजवळ (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीजवळ) किंवा किनाऱ्याला असेल तर विहिरीचं पाणी मचूळ झालं आहे का ते पाहा. तिथे वाळा टिकतो, बाकीच्यांना नळाचं पाणी द्या.

मुळात चुकीचं गवत

निळसर झाक असलेलं छोटं फेस्क्यू गवत बेंगळुरूहून कुंड्यांतून येतं आणि फार गोड दिसतं. ते थंड हवेचं आहे. गोव्याच्या उकाड्यात आणि दमट हवेत ते पहिला पावसाळा काढत नाही, तुम्ही कितीही जपा. पांपासचं गवतही चित्रात दिसतं तसं पिसारलेलं इथे क्वचितच होतं. हे नर्सरीत कुणी सांगत नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहिते: ते घेऊ नका.

जांभळं फाउंटन ग्रास घ्या, त्याला रुजणारं बी धरत नाही. हिरवं फाउंटन ग्रास मात्र बियांनी पसरतं. हवाई बेटांवर ते रानभर पसरलं आहे आणि वाळल्यावर तिथे वणव्यांना खतपाणी घालतं. तुमचं घर सड्याच्या (जांभ्याच्या उघड्या पठाराच्या) कडेला असेल तर ते लावूच नका, ही माझी कळकळीची विनंती. सड्यावर पावसाळ्यात चार बोटं मातीत जी गवतं उगवतात त्यांतल्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच गोवा आहे, ग्लिफोक्लोआ गोएन्सिस. माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचं) सामान आणायला जाल तेव्हा ती गवतं डोळे भरून पाहा, पण उपटून आणू नका. ती त्या उघड्या कातळावर एका पावसात जन्मतात, बी टाकतात आणि वाळतात. परसात ती टिकणार नाहीत.

वाळ्याबद्दल मला विशेष माया आहे. चांगल्या खोल जमिनीत त्याची मुळं पहिल्याच वर्षात तीन मीटरपर्यंत सरळ खाली जातात. 1980 च्या दशकात जागतिक बँकेने भारतात मातीची धूप थांबवण्यासाठी वाळ्याच्या ओळींचा प्रसार केला होता. घरामागच्या उतारावर, गडगा ढासळतो आहे अशा जागी, एका ओळीत वीतभर अंतरावर ठोंब लावा. शोभाही होते आणि माती पाटात जात नाही.

सापांची भीती अनेकांना असते आणि ती खोटी नाही. दाट बेटात उंदीर आणि बेडूक राहतात, त्यांच्यामागे साप येतो. दारापासून आणि पायवाटेपासून पाच-सहा फूट अंतर ठेवा, बुडखा मोकळा ठेवा, आणि काठीने हलवून बघितल्याशिवाय बेटात हात घालू नका. वर सांगितलेली मे महिन्यातली विंचरणी इथेही कामाला येते.

काहीच जमलं नाही तर

काही कोपरे असेच असतात. भोवताली भिंत, चर काढायला उतार नाही, ढीग करायला जागा नाही. तिथे दरवर्षी पैसे घालू नका. त्या ओलीत छत्री गवत लावा. पाणी साचलेलं त्याला आवडतं, अर्धी सावली चालते आणि चार फुटांपर्यंत उंच, डौलदार वाढतं. विकत घ्यायचीही गरज नाही. कुणाच्या तरी हौदाच्या कडेला ते असतंच. एक पिकलेली छत्री दोन इंच देठासकट मागून आणा, पात्यांची टोकं कापा आणि ती उलटी करून पाण्याच्या भांड्यात ठेवा. दोन-तीन आठवड्यांत पात्यांच्या बेचक्यातून मुळं आणि कोंब येतात. मग ती त्या ओल्या कोपऱ्यात लावून टाका.